आत्ता कुठे बसलीये ती

माझी वहिनी उभ्याने जेवायची. ताट ओट्यावर, एक हात कमरेवर, चार घास घाईघाईने पोटात आणि वर पेलाभर पाणी, की झालं जेवण. टेबल होतं, खुर्च्या होत्या, दादाने हौसेने आणलेल्या. पण इतकी वर्षं वॉर्डात नर्सची ड्यूटी करून बाईची बसायची सवयच मोडली होती. "बसलं की कोणीतरी बोलावतं," म्हणायची. मी म्हणायचे, "अगं, इथे कोण बोलावतंय तुला? मी आणि तुझा नवरा. दोघंही चांगले धडधाकट." ती हसायची आणि उभीच राहायची.

मी तिची नणंद, तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न करून पाहिलं, जमलं नाही, आणि एक बॅग घेऊन चार दिवसांसाठी दादाकडे आले ती कायमचीच. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. "आम्हाला आयती मुलगी मिळाली, तीही बोलायला शिकलेली. फारच शिकलेली," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसून दिवसभर ओरडणं हा माझा पेशा आहे आणि तो मला मानवतो. अंगाने मी भरलेली, म्हणून दादा मला ढमे म्हणायचा आणि वहिनी ढमाबाई.

दादा शाळेत गणित शिकवायचा. आम्ही एकाच आईची लेकरं आहोत यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. चहा गार आला तर मी कप परत पाठवणार. तो गारच पिणार आणि वर "छान होता" म्हणणार. "त्या माणसाला कशाला त्रास?" हे त्याचं पालुपद. रांगेत कोणीही यावं आणि त्याच्या पुढे उभं राहावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि वहिनी मात्र त्याच्याकडे कौतुकाने बघत राहायची.

वॉर्डात तिला सगळे वचकून असत म्हणे. घरी यायची तेव्हा तिच्यात वचक बसवण्याइतकं काही उरलेलं नसायचं. बूट काढायला वाकायची आणि तशीच वाकलेली राहायची, जणू पुढे काय करायचं ते विसरली. ती आली की आमचं घर आपोआप हळू व्हायचं. मी फोनवर बोलत असले तरी आवाज खाली यायचा, आणि माझा आवाज खाली येणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

मग नर्सिंग कॉलेजातल्या एक बाई संशोधन घेऊन हॉस्पिटलात आल्या. नर्सचं अंग, झोप, मन ठिकाणावर नसेल तर पेशंटच्या देखभालीवर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. वहिनीला त्यांनी मदतीला घेतलं. वॉर्डावॉर्डांतून फिरून तिने नर्सना विचारायचं, की आज ड्यूटीत बसलीस का, पाणी प्यायलीस का, लघवीला जायला मिळालं का, घरी जाऊन रडलीस का. आणि दुसऱ्या बाजूने पेशंटकडचं मोजायचं. बेल वाजवल्यावर किती वेळाने कोण गेलं, औषध उशिरा दिलं गेलं का, कोणी खाटेवरून पडलं का. पहिल्याच दिवशी ती येऊन म्हणाली, "लघवीचं विचारलं तर एक सिस्टर रडायलाच लागली. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं म्हणे."

दादाला तर नवीन खेळणंच मिळालं. संध्याकाळी तो टेबलाशी बसून तिचे आकडे तपासायचा, आणि ती उभ्याउभ्याच त्याला वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. उशी सरकवायला बेल, पंखा कमी करायला बेल, बेल का वाजवली ते आठवत नाही हे सांगायलाही बेल. डबा उघडला की बेल वाजलीच म्हणून समजावं. एका सिस्टरला तर सुट्टीच्या दिवशी घरातसुद्धा बेल ऐकू यायची आणि ती दचकून उठायची. दादा पेन्सिल खाली ठेवून ऐकायचा. "अरेरे," म्हणायचा. "लोकांना कळत कसं नाही?" मी म्हणायचे, "पैसे भरून झोपलेत ते, वाजवणारच." त्यावर तो मला एक अख्खं भाषण द्यायचा.

सगळ्यातून एक गोष्ट वर आली. ज्या दिवशी नर्सला थोडा वेळ तरी सुखाने बसायला मिळतं, त्या दिवशी तिच्या हातून चुका कमी होतात. बाई म्हणाल्या, करून बघू. पुरुषांच्या वॉर्डाला लागून मोडक्या खाटा ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून घ्यायची. प्रत्येक नर्सने ड्यूटीत एकदा दार लावून तिथे अर्धा तास बसायचं, तोवर तिच्या खाटा दुसरीने सांभाळायच्या आणि तिला कोणी उठवायचं नाही. हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, हे काय विश्रामगृह आहे का. वहिनी त्यांच्याशी भांडली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी भांडली असेल, आणि तेही बसण्यासाठी. शेवटी साहेबांनी काही महिन्यांपुरती परवानगी दिली. चांगलं दिसलं तर सगळ्या वॉर्डांना अशी खोली मिळणार होती. तिचं त्या खोलीत किती मन अडकलं होतं ते मी बघत होते. खुर्च्या कशा असाव्यात यावरही तिने दादाचं डोकं खाल्लं.

खोली सुरू झाली त्याच दिवसांत दादाचा पाय सुजला. चालताना त्रास होत होता तरी त्याने सांगितलं नाही. वहिनीच्याच नजरेला पडला. पायात जंतू शिरलेत, सलाईनमधून औषध द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जिवावरचं काही नव्हतं. तो तिच्याच हॉस्पिटलात, त्याच पुरुषांच्या वॉर्डात दाखल झाला. आपल्या माणसाची ड्यूटी आपण करायची नाही असा तिथला नियम, आणि वहिनी तेव्हा संशोधनाच्याच कामावर होती, त्यामुळे ती भेटायला येणाऱ्यांसारखीच त्याच्याजवळ येऊन जायची.

दादाची खाट एका तरुण नर्सकडे होती. सडपातळ पोर, सारखी तुरुतुरु पळत असायची. दादाने तिचं नाव खारूताई ठेवलं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होते, त्यांच्याशी दादाची गट्टी जमली. मी सकाळी डबा घेऊन जायचे. एकदा मी त्याला विचारलं, "बेल चालते का तुझी? वाजवून बघितलीस?" तर म्हणतो कसा, "ढमे, मी नर्सचा नवरा आहे. मी बेल वाजवली तर घरी तोंड काय दाखवू?" कंडक्टरकाका हसले, खारूताई हसली, मीही हसले.

त्या दिवशी खारूताईची बदलीची नर्स आली नव्हती, म्हणून एक ड्यूटी संपवून ती दुसऱ्या ड्यूटीला तशीच उभी राहिली होती. तिचा बसण्याचा अर्धा तास पुढे ढकलत ढकलत दुपार उलटून गेल्यावर आला. वहिनी तेव्हा कॉलेजात बाईंसमोर आकडे मांडत होती. मी एका नवशिक्याला वळणावर गिअर कसा टाकायचा ते शिकवत होते. पुढचं आम्हाला कंडक्टरकाकांनी सांगितलं.

"मास्तर छातीवर हात ठेवून बसले होते. श्वास लागल्यासारखा वाटला मला. मी म्हटलं, मास्तर, बेल वाजवू का? तर म्हणाले, नको, ती पोरगी आत्ता कुठे बसलीये. सकाळपासून तिचा चेहरा बघतोय मी. डबा तरी खाऊ दे. दहा मिनिटांनी वाजवू. मला वाटलं, ठीक आहे, शिकलेला माणूस आहे, बायको नर्स आहे, यांना कळतं. मग ते डोळे मिटून टेकले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळाने बघितलं तर तोंडाचा रंग वेगळाच. तेव्हा मी वाजवली. दुसरी सिस्टर लगेच पळत आली हो. लगेच आली."

पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. दादा वाचला नाही. लवकर कळलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित." हा एक शब्द मी आजपर्यंत गिळू शकलेले नाही.

खारूताई वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्यासमोर गेले आणि माझ्या पेशाच्या आवाजात विचारलं, "झाला का डबा खाऊन?" आणखीही बरंच बोलले मी. वहिनीने मला दंडाला धरून तिथून बाजूला नेलं. ती एवढंच म्हणत होती, "तिला नको. ढमाबाई, तिला काही बोलू नकोस."

घरात मग आम्ही दोघी. मी तक्रार करायची असं ठरवून बसले होते. माझा भाऊ तिथे घुसमटत होता आणि दार लावून पोरगी जेवत होती, एवढंच मला दिसत होतं. वहिनी म्हणाली, "तिची चूक नाही."

"मग कोणाची?" मी म्हटलं. "ती खोली कोणी मागितली होती?"

तीही स्वतःला तेच विचारत होती, फक्त तोंडाने म्हणवत नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

हॉस्पिटलने चौकशी समिती नेमली. मोठ्या साहेबांना आयतंच कारण मिळालं होतं. समितीची बैठक होईपर्यंत खोलीला कुलूप लागलं. कॉलेजातल्या बाई भेटायला घरी आल्या. भल्या होत्या बिचाऱ्या, काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. धीर द्यायचा म्हणून म्हणाल्या, "तुमचं काम फुकट गेलेलं नाही. खोली सुरू झाली त्या महिन्यात वॉर्डात बेल खूप कमी वाजल्या. म्हणजे पेशंट समाधानी होते."

वहिनी म्हणाली, "माझ्या नवऱ्याची बेल त्यात नाही."

"म्हणजे?"

"त्याला हवी होती आणि त्याने वाजवली नाही. तुमच्या हिशेबात तो समाधानी पेशंट आहे. बाई, आपण वाजलेल्या बेल मोजल्या. न वाजलेल्या कोणी मोजल्या?"

दुसऱ्या दिवशी ती रजा मोडून कामावर गेली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. ती खाटाखाटांशी जाऊन पेशंटना एकच प्रश्न विचारायला लागली. असं कधी झालं का, की तुम्हाला बेल वाजवायची होती आणि तुम्ही वाजवली नाहीत? संध्याकाळी घरी येऊन ती मला सांगायची, आणि माझा राग असूनही मी ऐकायचे. निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले होते. एकजण ओल्या अंथरुणात सकाळ होईस्तोवर पडून राहिला होता. एका म्हातारीने पुढची शिफ्ट येईपर्यंत कळ सोसली होती, नवी सिस्टर ताजीतवानी असेल म्हणून. का वाजवली नाही, असं विचारलं की उत्तर बहुतेक एकच. सिस्टर फार दमलेल्या दिसत होत्या. ज्या वॉर्डांत बसायची खोली मुळीच नव्हती, तिथे असे गप्प राहणारे कितीतरी जास्त निघाले.

बैठकीला मला मयताची बहीण म्हणून बोलावलं होतं. वहिनीला मयताची बायको म्हणून. लांबलचक टेबल, पलीकडे साहेब, मेट्रन, दोन डॉक्टर, आणि कोपऱ्यात खारूताई, हात मांडीवर घट्ट धरून. नोकरी सोडायचं पत्र तिने आधीच देऊन ठेवलं होतं, असं मेट्रन म्हणाल्या. ते स्वीकारायचं की नाही तेही तिथेच ठरणार होतं. मी काय बोलायचं ते घरून घोकून आले होते. वहिनी आधी उठली.

तिने पेशंटनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे सिस्टर विश्रांतीला गेल्या होत्या म्हणूनच तुमच्या मिस्टरांनी बेल वाजवली नाही, हे तुम्हीच कबूल करताय."

"ती बसली म्हणून नाही," वहिनी म्हणाली. "ती इतका वेळ बसली नव्हती म्हणून. तिला सकाळीच बसायला मिळालं असतं, तर तिचा चेहरा बघून त्याला दया आली नसती. दया येते म्हणून लोक गप्प बसतात. खोली बंद करा, नर्स आणखी दमतील, पेशंट आणखी गप्प होतील, आणि आपण म्हणू, वॉर्ड किती छान चाललाय."

मग ती थांबली. मला वाटलं, झालं. पण तिने टेबलाची कड धरली आणि म्हणाली, "आणि दुसरं कारण मी आहे. दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर त्याने बेल वाजवली असती. बेल म्हणजे नर्सचा छळ, हे मी त्याला रोज संध्याकाळी शिकवलं. तो चांगला विद्यार्थी होता. या मुलीला मोकळं करा. तिने नियमाने केलं, आणि नियम बरोबर आहे."

साहेबांनी मला विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का. मी घोकून आणलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. मी उठले, "नाही" म्हटलं आणि खाली बसले.

खोली राहिली. पुढे दुसऱ्या वॉर्डांनाही मिळाली. आता बसायला जाण्याआधी प्रत्येक नर्स खाटाखाटांशी जाऊन सांगते, की मी नसले तरी ही सिस्टर आहे, काही लागलं तर तिला बोलवा, तिला चालतं. हे वहिनीनेच घालून दिलं. खारूताई नोकरीत टिकली, पण त्या खोलीत तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वहिनी तिच्या वेळेला जाऊन समोर बसायची आणि डबा संपेपर्यंत उठायची नाही. मी अजून त्या मुलीशी बोललेले नाही. तिची चूक नव्हती हे मला कळतं. तिच्याकडे बघवत मात्र नाही.

बैठकीच्या त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. मी दिवा लावला, चहा टाकला. वहिनी दादाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "ढमाबाई, तुलाही विचारते. घरात असं कधी झालं का, की मला हाक मारायची होती आणि तू मारली नाहीस?"

मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. कसं कोण जाणे, बोलले नाही.

"हो."

"कधी?"

"तू ड्यूटीवरून आलीस की. रोजच."

"आणि तो?"

मी गॅस बंद केला. "त्यानेच मला सांगून ठेवलं होतं. दिवसभर लोक तिला हाका मारतात, घरी आपण तरी नको. मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं त्याने. पाय सुजला तेव्हासुद्धा म्हणाला, ती दमून आलीये, तिला सांगू नकोस."

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, तिथेच फरशीवर, भिंतीला टेकून.

"मी घरी यायचे," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघं आपापलं करत असायचा. कोणी काही मागायचं नाही. दारात बूट काढताना मी थांबून राहायचे, कोणी हाक मारतंय का बघत. मला वाटायचं, या घराला मी लागतच नाही."

मी तिच्याजवळ फरशीवर जाऊन बसले, तिला पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ रडत राहिलो.